गारगोटी सर

भालकीकडे कुणाच्या विहिरीला सुरुंग लागला की पहिला फोन गारगोटी सरांना जातो. पाणी लागलं का, हे मागाहून. सर मराठी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना आत वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढले, हे पूर्वी ते फळ्यावर काढून दाखवायचे. आता फोटो काढून दाखवतात. काकूंचं माहेर शहाबादचं. तिकडची फरशी कुठं कुठं पोचली, पण तिला फोटोजोगा चेहरा नाही, हे सर अजून पंगतीत सांगतात. सासुरवाडीला फारसं बोलावणं येत नाही ते बहुधा यामुळेच.

स्टुडिओ म्हणजे थर्माकोलचं खोकं, दोन बाजूंना एलईडी दिवे, त्यांच्यापुढं बटर पेपर. दगड उभा राहावा म्हणून बुडाशी काकूंनी मळलेली कणीक. ज्वारीच्या पेंढीसारखा कमरेत आवळलेला स्टिल्बाइट त्या कणकेवर तोल सावरून बसतो. इतक्या जवळून टोक स्पष्ट आलं की बूड धूसर येतं. म्हणून कॅमेरा केसभर पुढं सरकवत तीस-चाळीस फोटो काढायचे आणि संगणकावर एकात एक जोडायचे. तोवर पंखा बंद. दारातून कुणी "काय करूलालाव सर?" म्हणालं तर नुसता हात वर होतो. उसाचा ट्रॅक्टर गेला की सगळं पहिल्यापासून.

पार्श्वभूमी काळीच हवी. बिदरच्या किल्ल्यातली माती लावून धातू काळा करायचा आणि त्यावर चांदी खुलवायची, हे आपल्या कारागिरांना शतकानुशतकं ठाऊक आहे, असं सरांचं म्हणणं. मग लग्नात आलेलं बिदरी तबक खाली ठेवून पाहिलं. त्याची चांदीची वेलबुट्टी ॲपोफिलाइटच्या अंगात उमटली. काकूंना तो फोटो फार आवडला. सरांनी लगेच पुसला.

संपादनात मात्र माणूस कर्मठ. धूळ पुसायची, टवका बुजवायचा नाही. रंग पांढऱ्या कागदाशी ताडून घ्यायचा. वाघोलीचा कॅव्हन्साइट जात्याच निळाशार. त्याला संगणकावर आणखी निळं केलेलं दिसलं की सर चष्मा काढून ठेवतात.

हाच नेम त्यांनी पुतण्याच्या, लग्नासाठी स्थळांना पाठवायच्या फोटोला लावला. गालावरचा व्रण काढा म्हणून वहिनींनी विनवलं. "मूळ नमुन्यात आहे, राहणार." मापासाठी खांद्यावर रुपयाचं नाणं ठेवलं, खाली प्राप्तिस्थान लिहिलं: तालुका भालकी. उदगीरहून मुलीच्या वडिलांचा फोन आला.

"मुलगा पसंत आहे हो. पण हुंड्याचा आकडा फोटोतच दाखवायची पद्धत आमच्याकडं नाही. आणि रुपयाच असेल, तर बैठक कधी धरू?"