थंड मुलखाचं झाड

नंदुरबारात थंडी विकत मिळत नाही, हे कळायला मला एक झाड लावावं लागलं. रोपवाटिकेत जास्वंद-मोगऱ्याच्या गर्दीत ते रोप, लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखं, अंग चोरून उभं होतं. मजल्यावर मजला चढवावा तशा फांद्या, टोकाला नीटस शेंडा. लोक त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात. माळीदादा म्हणाले, “भाऊ, हाई थंड मुलुखनं झाड शे.” मे महिन्यात पारा ४३-४४ला टेकणाऱ्या गावातल्या माणसाला एवढं पुरतं. कुंडी मांडीवर घेऊन रिक्षातून घरी येताना वाटलं, हिमालयाचं एक पोर आपण दत्तक घेतलं. आजवर गारव्यासाठी आम्ही तोरणमाळला जायचो; आता तोरणमाळच अंगणात मुक्कामाला येणार होतं.

आईने झाडाची उलटतपासणी घेतली. “फळ?” नाही. “फूल?” देवाला वाहण्याजोगं नाही. “सावली?” बेताचीच. “मग करतं काय?” मी म्हणालो, “उभं राहतं.” आईला अलीकडे कमी ऐकू येतं, बोलणाऱ्याकडे मान कलती करून ती ऐकते. तशीच मान कलती ठेवून ती झाडाकडे बघत राहिली, जणू पुढची बाजू ते स्वतःच मांडणार होतं. पण पहिल्या उन्हाळ्यात तिनेच आपलं जुनं लुगडं चार बांबूंवर ताणून त्याला मांडव घातला आणि तांदूळ धुतलेलं पाणी त्याच्या बुंध्याशी जाऊ लागलं. हिवाळ्यात गावाबाहेरच्या पथारींवर मिरची वाळू लागली आणि वाऱ्याबरोबर तिचा ठसका अंगणात आला, की आम्ही शिंकायचो; झाड मात्र सोवळ्यातल्या आजोबांसारखं ताठ. दिवाळीत त्याच्यावर टांगलेला आकाशकंदील काढायचा राहिला आणि तसाच नाताळपर्यंत लटकला. दोन सण एकाच कंदिलात उरकणारं झाड गावात दुसरं नसावं.

पुढे ते वाकू लागलं. थेट दक्षिणेला, शेजाऱ्यांच्या भिंतीकडे. “तुमचं झाड आमच्या स्वयंपाकघरात डोकावतं,” शेजारचे काका म्हणाले. मी सुतळीने त्याला उत्तरेकडे ताणून बांधलं. सुतळी सैल व्हायची, मी पुन्हा आवळायचो. दर महिन्याला आमची ही अबोल रस्सीखेच चाले.

मग एकदा त्याची कुळकथा वाचनात आली आणि माझा हिमालय वितळला. हे मुळी पाइनच नव्हे, अरौकारिया. आणि मुलूख म्हणाल तर प्रशांत महासागरातली न्यू कॅलेडोनियाची उष्ण बेटं. १७७४ साली कॅप्टन कुकच्या जहाजावरून ही झाडं लांबून दिसली, तेव्हा बरोबरचे निसर्गपंडित हे दगडी खांबच आहेत म्हणून अडून बसले होते. म्हणजे या झाडाला भलतंच काही समजणारा मी पहिला नव्हे, हा तेवढाच दिलासा. ज्याला मी उन्हाची सवय लावत होतो, ते उन्हातच वाढलेल्या घराण्यातलं निघालं. लुगड्याचा मांडव त्याने निव्वळ भिडेखातर सोसला असावा.

वाकण्याचाही उलगडा झाला. संशोधकांनी पाच खंडांतली अडीचशेवर झाडं मोजली आणि २०१७ साली लिहिलं, की ही जात सरासरी साडेआठ अंश कलते, आणि कलते ती विषुववृत्ताकडे. उत्तर गोलार्धात दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला. कारण अजून नीट उमगलेलं नाही. मी भिंतीवरचा नकाशा काढून बोट फिरवलं. नंदुरबार विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण २१ अंशांवर, ती बेटंही दक्षिणेला जवळपास तेवढ्यावरच. म्हणजे आमचं झाड इकडून झुकतंय, त्याचे भाऊबंद तिकडून.

हे सगळं मी आईच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. तिने नेहमीप्रमाणे मान कलती करून ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग सोड की त्याची दोरी. लांबचं बोलणं असलं तर वाकूनच ऐकावं लागतं.”

संध्याकाळी मी सुतळीची गाठ सोडली. काकांना पोह्यांची बशी नेऊन दिली. आई ओट्यावर बसली होती, झाड तिच्या पलीकडे. दोघांच्या माना एकाच कलाने झुकलेल्या. काय ऐकत होती कोण जाणे. मी मध्ये बोललो नाही.