मधला पेड

वेणीला तीन पेड लागतात हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. तोवर दोनात भागत असेल असा माझा समज होता. आई, बहीण, बायको, सगळ्यांच्या वेण्या जन्मभर पाठीमागून बघितल्या, पण पेड मोजायचं कधी सुचलं नाही. एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी थोरलीच्या केसांचे दोन भाग करून मी ते एकमेकांभोवती पिळले, टोकाला रबर लावलं आणि मागे सरून बघितलं. तिने मान फिरवली तसं ते सगळं घरंगळून सुटलं. खुर्चीतून आई म्हणाली, "अरे, वेणी घाल म्हटलं होतं, सुंभ वळ नव्हे."

बायको बँकेत आहे. शाळा असते तेव्हा पावणेसातच्या आत ती दोघींच्या चार वेण्या घालते, डबे भरते आणि मधेच माझा चष्मा कुठे आहे ते सांगते. सुट्टी लागली तशी मुलींची सकाळ साडेआठला उजाडायला लागली, आणि तोवर ती घराबाहेर पडलेली असते. मी घरून काम करतो. म्हणजे घरातल्यांच्या लेखी मी घरी असतो. तेव्हा केस माझ्याकडे आले. "सुट्टीत कशाला हव्यात वेण्या?" असं मी एकदा विचारून बघितलं. दोघींनी मानेवरचं घामोळं दाखवून मला गप्प केलं.

थोरली नऊ वर्षांची आहे. तिने एका बाहुलीवर माझी शिकवणी घेतली. डावा पेड मधल्यावर, मग उजवा मधल्यावर. ऐकायला सोपं आहे. गोम अशी, की डावा मधल्यावर गेला की तोच मधला होतो आणि आत्तापर्यंतचा मधला मुकाट्याने डावीकडे जाऊन बसतो. मधला म्हणून कायमचा कोणी नाहीच. जिथे बसलो तिथे रुतणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे पचायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी थोरलीने आरशात बघून "आज चालेल" म्हटलं. पगारवाढीच्या पत्राने मला इतका आनंद कधी झालेला नाही. अर्थात तसं पत्रही बरेच दिवसांत आलेलं नाही.

धाकटी पाच वर्षांची. तिचे केस जेमतेम खांद्याला टेकतात, त्यामुळे तिच्या वेण्या बोटभर होतात आणि कानांमागे आडव्या उभ्या राहतात, खोंडाच्या शिंगांसारख्या. तिला त्या तशाच आवडतात. दिवसभर ती त्यांनी ढुशा मारत हिंडते.

चैत्र-वैशाखाला ज्याने वसंत ऋतू ठरवलं, त्याने पुण्यातल्या गच्चीवर दुपारी तीनला पाय ठेवलेला नसणार. पारा चाळिशीला टेकलेला, पंखा गरम हवा ढवळतोय, माठातलं पाणी दहा मिनिटांत संपतंय आणि तो भरायची पाळी कोणाची यावर खटला चालू आहे, असा आमचा वसंत. पण खालच्या पिंपळाला तांबूस, लुसलुशीत पालवी येते आणि फाटकापाशी बहावा पिवळ्या घोसांनी लगडतो, तेव्हा त्या ठरवणाऱ्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. बहाव्याखाली लावलेल्या स्कूटरवर सकाळी पाकळ्यांचा सडा असतो. तो झाडायला धाकटीची परवानगी नाही. त्यामुळे मी भाजी आणायला निघतो तेव्हा वरातीला निघाल्यासारखा दिसतो.

याच दिवसांत पहाटे पाचपासून कोकिळा ओरडायला लागते. निदान मी तरी कोकिळा म्हणत होतो. थोरलीने पक्ष्यांचं पुस्तक आणून माझ्यासमोर उघडलं. कुहू कुहू करतो तो नर, कोकीळ. काळाभोर, डोळे लालभडक. मादी असते तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि ती नुसतं किक-किक-किक असं काहीतरी खेकसते. घरटं दोघंही बांधत नाहीत. मादी आपलं अंडं कावळ्याच्या घरट्यात घालते आणि पिल्लाला वाढवण्याचं काम कावळ्याच्या जोडीवर पडतं. हे सगळं सांगून झाल्यावर धाकटीने थोडा वेळ विचार केला आणि गोष्ट आपल्या भाषेत लावली. "म्हणजे बाबा झाडावर बसून नुसता गातो. आई अंडं ठेवते आणि ऑफिसला जाते. मग कावळा सांभाळतो."

मग तिने माझ्याकडे बघितलं. माझ्या एका हातात तेलाची वाटी होती, दुसऱ्या हातात कंगवा, आणि दातांत रबर.

"बाबा, तुला गाता येतं?"

"नाही."

"मग तू कावळा."

संध्याकाळी बायकोला हे कळलं. ती हसली, मग गप्प झाली, मग म्हणाली, "अंडं ठेवते आणि ऑफिसला जाते, असं म्हणाली?" त्या रात्री तिने दोघींना दोन जास्तीच्या गोष्टी सांगितल्या. मी कावळा आहे याबद्दल मात्र घरात कोणालाच वाईट वाटलं नाही.

पाडव्यापासून तिसऱ्या दिवशी, चैत्र शुद्ध तृतीयेला, आमच्याकडे गौर बसते. देवघरातली पितळेची अन्नपूर्णा हॉलमधल्या छोट्या पाळण्यात येते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत, म्हणजे महिनाभर, तिथे झोके घेते. देवी माहेरी आली आहे, असा याचा अर्थ. माहेरी आलेल्या लेकीला काम सांगायचं नाही, तिचे लाड करायचे, तिच्या नावाने बायकांना बोलावून हळदीकुंकू करायचं. आईने हे समजावून सांगितल्यावर धाकटीला एक महिनाभर पुरेल असा मुद्दा सापडला. तिला पाण्याचा तांब्या भरायला सांगितला की ती पाळण्याकडे बोट दाखवायची. "मी पण माहेरीच आहे ना?" यावर आमच्यापैकी एकाकडेही उत्तर नव्हतं. तांब्या मी भरला.

हळदीकुंकवाचा शुक्रवार ठरला. त्या दिवशी दाराबाहेर चैत्रांगण काढायचं होतं. यात एकावन्न चिन्हं काढायची अशी आमच्याकडची रीत आहे आणि ती सगळी आईला तोंडपाठ. ती खुर्चीतून एकेक सांगत होती आणि थोरली रांगोळीने काढत होती. शंख, चक्र, गदा, पद्म. सूर्य, चंद्र. कासव, नाग, हत्ती. तुळशीवृंदावन, गोपद्म, कोयरी. आरसा, फणी, करंडा. मधोमध पाळण्यातली गौर. हत्ती कासवाएवढाच झाला आणि नागाला कोणीतरी डोळे मिटायला सांगितलंय असं वाटत होतं, पण एकूण काम झकास होतं. मोजली तर बावन्न भरली. तुळशीच्या पलीकडे धाकटीने एक स्कूटर काढली होती, नंबराच्या पाटीवर 'एमएच १२' सकट. "गौरीला परत जायला," ती म्हणाली. थोरली पुसायला धावली. आईने हात आडवा केला. "असू दे. मोजताना धरायची नाही म्हणजे झालं." आमच्या घरात रूढी आणि सुधारणा यांचे तंटे आजवर याच रीतीने मिटत आले आहेत.

मी सकाळपासून कैऱ्या किसत होतो. हरभऱ्याची डाळ रात्रीच भिजत घातलेली. ती भरड वाटायची, पीठ झालं तर आई सबंध वर्षभर आठवण करून देते. त्यात कैरीचा कीस, ओलं खोबरं, वरून मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी आणि मिरच्या. हिला आंब्याची डाळ म्हणतात, आणि आंबा पिकल्यावर ती करता येत नाही. हापूसची पेटी पलंगाखाली गवतात अढी घालून ठेवली होती. ती पिकली का हे बघायला धाकटी तासातासाला पलंगाखाली जात असे आणि वास घेऊन आम्हाला निकाल सांगत असे. एक मेला शाळेचा निकाल लागायचा होता, त्याची तिला एवढी काळजी नव्हती.

पण त्या दिवसाचं खरं आकर्षण वेगळंच होतं. जुन्या अल्बममध्ये मुलींना माझ्या आत्याचा फोटो सापडला होता. काळापांढरा, स्टुडिओत काढलेला. दहा-अकरा वर्षांची आत्या परकर-पोलक्यात उभी आहे, पाठीमागे मोठा आरसा ठेवलाय, आणि आरशात तिची वेणी दिसते आहे, शेंड्यापर्यंत मोगऱ्याच्या कळ्या शिवून मढवलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीची अशी वेणी घालायची आणि आरशासकट फोटो काढून ठेवायचा, ही एके काळी घरोघरची पद्धत. आत्याच्या चेहऱ्यावर मात्र आनंद वगैरे काही नाही. दोन तास मान न हलवता बसलेल्या माणसाचा चेहरा आहे तो. मुलींना ते दिसलं नाही. त्यांना फक्त आरसा दिसला.

मंडईतून पावशेर कळ्या आणल्या. आईने सुईदोरा घेतला. पायाची वेणी घालायचं काम माझं, कारण आता मला ते येत होतं. थोरली बसली, अगदी आत्यासारखी बसली, आणि तासाभराने आत्यासारखाच चेहरा करून उठली. धाकटीला मग तशीच हवी होती, पण तिच्या शिंगांवर कळ्या तरी किती मावणार? पाच. ती रडायला लागल्यावर आईने पेटीच्या तळातून आपलं गंगावन काढलं. केसांचा हा जोड बोटभर शिंगाला बांधून वेणी कमरेच्या खाली आणायची, हे इंजिनिअरिंग माझ्या कुवतीबाहेरचं होतं, पण मी काळ्या दोऱ्याच्या गाठीवर गाठी मारल्या आणि आईने उरलेल्या कळ्या शिवल्या. धाकटी आरशासमोर उभी राहिली. ती समोरून बघायची, मग पाठ फिरवून बघायची, मग पुन्हा समोरून.

चारनंतर बायका यायला लागल्या आणि मला बेडरूममध्ये बंद करण्यात आलं. तिथे माझी ऑनलाइन मीटिंग चालू होती. दाराच्या फटीतून अत्तराचा आणि गुलाबपाण्याचा वास येत होता. पन्हं पोचवण्याची जबाबदारी धाकटीकडे होती, त्यामुळे पेला येईतो निम्मा होत असे. बाहेरचं मला सगळं ऐकू येत होतं. भिजवलेल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या जात होत्या, डाळीची कृती विचारली जात होती, वेण्यांचं कौतुक चाललं होतं. तेवढ्यात एका काकूंचा आवाज आला, "दोघी मुलीच का?"

मराठीतला 'च' हा मोठा कर्तबगार प्रत्यय आहे. 'दोघी मुली' म्हटलं की ती माहिती असते. 'दोघी मुलीच' म्हटलं की सांत्वन होतं. इतक्या कमी खर्चात इतकं दुःख वाटणारं दुसरं अक्षर मला माहीत नाही. बाहेर क्षणभर शांतता झाली. बायको काहीतरी सभ्य आणि धारदार बोलण्याच्या तयारीत असणार, हे मला बंद दाराआडूनही कळलं. पण त्याआधी धाकटीचा खणखणीत आवाज आला.

"नाही काही. एक बाबापण आहे. तो आत लपलाय."

हशा उसळला. एवढं मोठं विधान करताना मान जोरात हलवायची तिची सवय आहे, आणि माझ्या गाठी तिथेच हरल्या. गंगावन सुटलं. धाकटीने ते कळ्यांसकट उचललं आणि जवळच्या पहिल्या माणसाच्या, म्हणजे त्याच काकूंच्या, हातात दिलं. "हे जरा धरा," म्हणाली आणि डाळ आणायला आत पळाली. काकू कितीतरी वेळ दोन्ही हातांत ती मोगऱ्याची वेणी घेऊन बसल्या होत्या, असं बायकोने नंतर सांगितलं. जाताना त्यांनी माझ्यासाठी निरोप ठेवला, की गंगावन बांधताना आधी रबर लावायचं आणि मग दोरा. बाई जाणकार होत्या.

फोटो राहूनच गेला. आरसा पुढच्या दारापर्यंत नेऊन ठेवला होता, पण तोवर थोरली वेणी उशीवर पसरून झोपली होती आणि सगळ्या कळ्या उमलल्या होत्या. घरभर वास होता. मोगरा संध्याकाळी उमलतो हे मात्र मला आधीपासून माहीत होतं.

अक्षय्य तृतीयेला पुरणपोळी आणि आमरस झाला आणि गौर जायला निघाली. धाकटी सकाळपासून अस्वस्थ होती. सासर कुठे आहे, किती लांब आहे, तिथे तिला तांब्या भरावा लागतो का, हे तिने आईला चार वेळा विचारलं. आईने हळदीकुंकू वाहिलं, अन्नपूर्णा उचलली आणि स्वयंपाकघरातल्या देवघरात तिच्या जागी ठेवली. "झालं?" धाकटीने विचारलं. झालं. ती पाळण्यापाशी परत आली आणि तिथपासून देवघरापर्यंत पावलं मोजत गेली. बावीस भरली. माझी तेरा होतात. "एवढं चालेल," ती म्हणाली आणि रांगोळीतली स्कूटर उगाच काढली असंही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाळणा माळ्यावर टाकायला मी शिडी काढली. पाळण्यात माझ्या शिकवणीची बाहुली झोपली होती, अंगावर माझा रुमाल. तिच्या दोन वेण्या घातलेल्या होत्या, तीन पेडांच्या, माझ्यापेक्षा बऱ्या. मी शिडी परत जागेवर ठेवून दिली.