वेळापत्रकाबाहेरचे उरण

क्रमिक पुस्तके काढणाऱ्या मंडळींनी आधी उरण तालुका पायी हिंडून पाहिला असता, तर इतिहास, भूगोल, विज्ञान आणि मराठी अशी चार पुस्तके काढायची त्यांची छाती झाली नसती. इथे विषयांना तासाची घंटा ऐकूच येत नाही. भूगोलाला म्हणून बसावे, तर मराठीचा धडा रंगात आलेला असतो.

द्रोणागिरीच घ्या. करंजाच्या पाठीशी उभा असलेला हा डोंगर आला कुठून? शास्त्र सांगते, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर बसले आणि त्यांचा काळा बेसाल्ट झाला. आजी सांगते, लक्ष्मणासाठी मारुती संजीवनीचा पर्वत घेऊन लंकेला निघाला, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला. पेपरात पहिले उत्तर लिहायचे आणि डोंगर चढताना दुसरे सांगायचे, हा तोडगा पोरांनी केव्हाच काढलेला आहे. उत्तराखंडातल्या द्रोणागिरी गावात आजही मारुतीची पूजा होत नाही; पर्वत नेल्याचा राग. आमचे मारुतीशी भांडण नाही. त्यांचे गेले, आमचे आले.

रसायनशास्त्रासाठी मिठागराचा बांध प्रयोगशाळेपेक्षा बरा. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, हे पुस्तकात एका ओळीत संपते. बांधावर मात्र ती ओळ कित्येक दिवस चालते. भरतीचे पाणी आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत उन्हात आटवायचे. आधी जिप्सम तळाशी बसते, मग मिठाचे दाणे धरू लागतात. खरी गोम त्यापुढे आहे. उरलेल्या पाण्यात मॅग्नेशियमचे कडवट क्षार असतात. ते पाणी वेळेवर काढून दिले नाही, तर मीठ कडू होते आणि सदा ओले राहते. ‘संपृक्त द्रावण’ हा शब्द ज्याने आयुष्यात उच्चारला नाही, असा आगरी म्हातारा वाफ्याकडे नुसते बघून सांगायचा, आज नको, उद्या ओढू. आता बरीच मिठागरे भरावाखाली गेली. प्रयोगशाळाच बुजवली म्हणा ना.

ऊर्जेचा धडा बोकडविऱ्याला. मुंबई हायचे तेल 1974 साली सापडले. तिथला वायू समुद्रतळाच्या नळातून उरणला येतो आणि त्यावर 672 मेगावॉट क्षमतेचे वीज केंद्र उभे आहे. वायू जाळून चार टर्बाइन फिरवायची, त्यांतून बाहेर पडणारी गरम हवा वाया न घालवता तिच्यावर पाण्याची वाफ करायची आणि त्या वाफेवर आणखी दोन चालवायची. भाकऱ्या झाल्यावर चुलीच्या उरल्या धगीवर आंघोळीचे पाणी ठेवणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही.

नवल पुढेच आहे. ह्याच तालुक्यात घारापुरी बेट आहे. तिथल्या लेण्यांना 1987 साली जागतिक वारशाचा मान मिळाला, जगभरचे लोक येऊन त्रिमूर्ती बघून गेले. गावकरी मात्र संध्याकाळी काही तास चालणाऱ्या जनरेटरवर भागवत होते. समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. मराठीच्या पेपरात ‘दिव्याखाली अंधार’ या म्हणीचा वाक्यात उपयोग करायला सांगतात. उरणच्या पोराने नुसते ‘घारापुरी’ लिहिले, तरी पूर्ण गुण द्यायला हवेत.

इतिहासाच्या पुस्तकात जंगल सत्याग्रहाच्या गावांची यादी येते. तीत चिरनेर हे एक नाव, दोन स्वल्पविरामांच्या मध्ये. गावात मात्र 25 सप्टेंबर 1930 हा दिवस अजून पाळतात. गोळीबारात आठ सत्याग्रही गेले. स्वल्पविरामात आठ माणसे मावतात, हे व्याकरणाच्या तासाला कुणी सांगत नाही.

अर्थशास्त्र तर त्याहून जुने. चांज्याला शिलाहार राजा सोमेश्वराचा शके 1182, म्हणजे इसवी सन 1260 चा शिलालेख सापडला. इथल्या एका बागेचे ठरलेले उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर महादेवाला दिले, असा त्यातला मजकूर. पिकवायचे उरणने आणि हिशेब लागायचा खाडीपल्याड, याची इतकी जुनी दगडी पावती दुसऱ्या तालुक्याकडे असेल तर दाखवावी.

राहता राहिले गणित. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या, जासईच्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, जानेवारी 1984 मध्ये पाच जण गोळीला बळी पडले, आणि त्या लढ्यातून विकसित भूखंडाच्या रूपाने साडेबारा टक्के परतावा मिळाला. त्यामुळे शेकडेवारी आमच्याकडे गुरुजींना शिकवावी लागत नाही. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा, हे घराघरात तोंडपाठ. उरलेल्या सात हिश्श्यांचे उदाहरण सोडवायचे असेल, तर वही मिटून शेव्याच्या बंदराकडे जावे. तिथे कंटेनर एकावर एक रचून ठेवलेले आहेत. मोजायला सोपे पडते.