खारदुंगला, व्हाया कुपवाड

कुपवाडच्या एमआयडीसीत लोखंडाचं काय होत नाही ते विचारा. इथं ओतकाम होतं, लेथवर जॉब चढतो, सीएनसीवर मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याची चूक निघाली तरी इन्स्पेक्शनवाला आख्खा लॉट परत पाठवतो. मायक्रॉनवरून भांडणं होणाऱ्या या गावात कारखान्याच्या फाटकाबाहेरचा खड्डा मात्र फुटात मोजावा लागतो. तिथं इन्स्पेक्शनवाला फिरकत नाही.

तर अशा गावात स्पोर्ट टूरिंग मोटरसायकलीचं वेड शिरलं आणि पोर्चापोर्चातून मध्यरात्रीपर्यंत पाने वाजू लागले, यात नवल ते काय!

ज्यांच्या घरात हे वेड अजून शिरलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शर्यतीच्या गाडीची चपळाई आणि लांब पल्ल्याच्या गाडीची सोशिकता यांचं लग्न लावलं की स्पोर्ट टूरर होते. पुढं काच, अंगावर फेअरिंग, पोटात मोठी टाकी. दिवसभर चालवली तरी गाडीचं इंजिन आणि स्वाराचा कणा दोन्ही जाग्यावर राहावेत, ही अपेक्षा. परदेशात हा हजार-बाराशे सीसीचा मामला. आपण तो आपल्या खिशात बसवून घेतला. २००३ साली करिझ्मा आली, २२३ सीसीची, आणि कॉलेजातली पोरं अभ्यास सोडून तिच्या पोस्टरकडं बघत बसली. २००९ साली कार्ब्युरेटरवाली पल्सर २२० आली, ती 'सर्वांत वेगवान भारतीय' असा डंका पिटत. पुढं २०११ मध्ये सीबीआर २५० आणि २०१६ च्या डिसेंबरात डॉमिनार. त्यानंतर सरकारलाही या वेडाची किंमत कळली. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलीला १८ टक्के जीएसटी आणि वरच्या गाडीला ४० टक्के. म्हणजे मोठी मोटरसायकल आणि पानमसाला आता एकाच पंगतीला बसले. दोन्हींचं व्यसन सुटत नाही, हे अर्थखात्यानं बरोबर ओळखलं.

माझ्या भाच्यानं हा सगळा अभ्यास करून जुनी २२० घेतली. भाचा आयटीआय झालेला टर्नर, सीएनसीवर आठ तास उभा राहणारा, हाताला कसब असलेला पोरगा. गाडी दारात आली त्याच संध्याकाळी त्यानं जाहीर केलं, "मामा, लडाख."

"कधी?"

"आधी गाडी तयार करायला लागतीय की."

गाडी तयार करणं या कामाला अंत नसतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पहिल्यांदा हँडल. कंपनीनं क्लिप-ऑन हँडल दिलेलं, स्वारानं जरा पुढं झुकावं म्हणून. भाच्यानं ॲल्युमिनियमचा गोळा लेथवर चढवला, असे देखणे रायझर काढले की शोकेसमध्ये ठेवावेत, आणि हँडल वर घेतलं. आता तो ताठ बसतो. मग मिरजेहून सीट फुगवून आणली. मग काच उंच केली, कारण ताठ बसल्यावर वारा थेट तोंडावर येऊ लागला. मग सायलेन्सर बदलला. का बदलला, तर "आवाजात जान नव्हती". १७५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलीला नियमानं ८० डेसिबलची मर्यादा आहे. भाच्याची गाडी सुरू झाली की आमच्या गल्लीत कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. त्यामुळं दहा किलोमीटरच्या पुढं तिच्यावर कुणाला बसवत नाही, खुद्द भाच्यालाही नाही. स्पोर्ट रायझरनं घालवला, टूरिंग सायलेन्सरनं घालवलं. राहिला पतसंस्थेचा हप्ता.

मग जोड-दिवे लागले. हेडलाइटच्याच वायरीला कात्री लावून, चिकटपट्टी गुंडाळून. "रिले बसव," असं मी एकदा सुचवून पाहिलं. दिव्याचा जादा प्रवाह हँडलवरच्या बोटभर स्विचमधून न जाता बाजूनं जावा एवढंच रिलेचं काम. भाचा म्हणाला, "मामा, रिले दिसत न्हाई." आता यावर काय बोलणार? जी वस्तू फोटोत दिसत नाही ती गाडीवर बसत नाही, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे. चौथ्या-पाचव्या रात्री स्विचचं प्लास्टिक वितळलं आणि त्याचा वास घरभर पसरला. बहिणीला वाटलं देवघरातलं निरांजन कलंडलं.

कायदाही याबाबतीत गप्प नाही. कारखान्यातून आलेल्या आणि नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेला फाटा देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात १८२-अ हे कलम आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दर बदलामागं! कोणता बदल नियमात बसतो आणि कोणता नाही ते आरटीओ ठरवेल. मी आपला गॅलरीत बसून हिशेब मांडला तर दंडाचा आकडा गाडीच्या किमतीला टेकायला आला होता. भाच्याला दाखवला. तो खुश झाला. "म्हंजे गाडीची व्हॅल्यू वाढली म्हणा की!"

बदलांचंच म्हणाल, तर सगळ्यात मोठा बदल आम्ही कुपवाडकर १९९८ पासून अंगावर वागवतोय. त्या वर्षी सांगली, मिरज आणि कुपवाड अशी तीन गावं वेल्डिंग करून एक महापालिका तयार झाली. इंजिन सांगलीचं, टाकी मिरजेची आणि कुपवाड ही साइडकार. नावात तिसरी, ब्रेक लागला की सगळ्यात आधी धक्का खाणारी. त्या बदलामागं पाच हजार कुणी भरले का, याची चौकशी करायची राहून गेली आहे.

आता देखभालीकडं वळू. भाचा वळला नाही, म्हणून मलाच वळायला लागतंय.

घरच्या घरी गाडी सांभाळण्याची कामं अगदी साधी आहेत आणि तीच त्यांची अडचण आहे. चेनचं घ्या. मागचं चाक उचललेलं पाहिजे. चेनवर रॉकेल टाकायचं, जुन्या टूथब्रशनं कडीन् कडी घासायची, सुती चिंधीनं पुसायची. मग नव्वद नंबरचं गिअर ऑइल खालच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला थेंब थेंब सोडत चाक हातानं फिरवायचं. हातानंच. इंजिन सुरू ठेवून, गिअर टाकून चेन फिरवणाऱ्यांना नंतर बोटं मोजताना त्रास होतो. मग चेन मधोमध बोटानं वरखाली करून बघायची. साधारण अडीच-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक. जास्त हलत असेल तर ताणायची आणि चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्यात का ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम. हात काळे होतात, पाठ धरते, आणि शेवटी गाडी होती तशीच दिसते. असल्या कामाचा फोटो कुणी टाकत नाही.

भाच्यानं मागचं चाक उचलायला पॅडॉक स्टँड मात्र झकास बनवला. इंचाचा पाइप, चांगली जाड भिंत, वेल्डिंगची शिवण अशी की हात फिरवावा, वर नारिंगी पावडर कोटिंग. त्यावर गाडी चढवून त्यानं फोटो काढले, गाडी उतरवली आणि स्टँड जिन्याखाली सरकवला. चेन कोरडीच.

ऑइलची कथा याहून सुरस. कुठल्या तरी चारचाकीतून उरलेला, महागातला सिंथेटिक ऑइलचा डबा त्याला फुकट मिळाला. त्यानं तो गाडीला पाजला. आता मोटरसायकलीचा क्लच इंजिनच्याच ऑइलात बुडालेला असतो. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेली असतात, ती क्लचच्या प्लेटांनाही निसरडं करून सोडतात. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-२ असं लिहिलंय का ते वाचायचं असतं. भाच्यानं किंमत वाचली. परिणाम असा झाला की मूठ पिरगळली की गाडी जोरात ओरडायची आणि जागची मात्र हलायची नाही. निवडणुका नसतानाही मला प्रचारसभेची आठवण आली.

तरी दर रविवारी राइड असते. पहाटे पाचला गल्ली जागवायची, अंगात चिलखती जाकीट, गुडघ्याला गार्ड, हेल्मेटवर कॅमेरा, हेल्मेटच्या आत एकमेकांशी बोलायचं यंत्र. इतकी तयारी करून हे वीर मिरजेवरून पंढरपूर रस्त्याला लागतात आणि भोसेच्या बाजूला दंडोबाच्या डोंगरावर जाऊन पोहे खाऊन येतात. मिसळ असेल तर दोन्ही. डोंगराला मी नावं ठेवत नाही, दंडोबा सुंदरच आहे. पण गाडीच्या मागं दोन्ही बाजूंना पॅनियरच्या फ्रेमा, जादा पेट्रोलच्या कॅनला कंस, आणि पेटीवर लडाखच्या खारदुंगलाचा स्टिकर! तो मागवून आणलेला. जाऊन आल्यावर लावायचा असतो ना, असं विचारलं तर म्हणाला, "जायचंच हाय की, मामा." त्या खारदुंगल्याची गंमतच आहे. खिंडीतल्या पाटीवर कितीतरी वर्षं १८,३८० फूट उंची लिहिलेली होती. मोजली तर ती ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या जरा वर. पाटीसुद्धा मॉडिफाय केलेली! आमचे पोरगे तिकडंच का ओढले जातात, ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

हिवाळ्यात या राइडला गळीत हंगाम आडवा येतो. अंधारातून उसाचा ट्रॅक्टर येतो, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीला लाल दिवा नाही, परावर्तक नाही. पण ट्रॅक्टरवर कपाटाएवढे स्पीकर, त्याभोवती नाचत्या दिव्यांची माळ, आणि गाण्याचा दणका एवढा की ऊस आपोआप रस सोडेल. मागून येणाऱ्यानं गाण्याचा आवाज ऐकून अंतराचा अंदाज घ्यायचा. भाचा त्याला पाहून हळहळतो. "काय बेस हाय, मामा!"

आणि या सगळ्यांच्या आधी, म्हणजे पहाटे साडेचारलाच, आमच्या गल्लीत खरीखुरी टूरिंग गाडी येऊन गेलेली असते. आमचा दूधवाला. नदीकाठच्या गावातून येतो. शंभर सीसीची जुनी गाडी, दोन्ही बाजूंना गजाच्या वेल्ड केलेल्या कड्या, त्यात चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. भरलेला एक कॅन चाळीस किलोच्या वर जातो. असे दोन, वर छोट्या बरण्या, वर तो स्वतः. ऊन, पाऊस, दिवाळी, शिमगा, खाडा नाही. त्याच्या गाडीवर स्टिकर एकच, तोही देवाचा. मागं जादा शॉकअबसॉर्बरची स्प्रिंग बसवलेली, ती कुठल्या जुन्या गाडीची ते त्यालाही आठवत नाही. चेनला रोज रात्री तेल, टायरात आठवड्याला हवा. एअर फिल्टर काढून झटकायचं काम तो दूध मोजून होईपर्यंत उरकतो.

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा त्याची गाडी गोठ्यासकट पाण्याखाली होती. पाणी उतरल्यावर कितीतरी जणांनी गाड्यांची बटणं दाबली आणि पस्तावले. सिलिंडरात शिरलेलं पाणी दाबलं जात नाही, आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. यानं बटणाला हातच लावला नाही. प्लग काढला, किक हळूहळू मारत आतलं पाणी बाहेर उडवलं, टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे केले, मग ऑइल सोडलं. पाणी मिसळलं की इंजिन ऑइल दुधाळ होतं. किती पाणी मिसळलंय ते त्यानं नुसत्या नजरेनं सांगितलं. या विषयातला त्याचा अधिकार मी वादातीत मानतो.

परवा भाच्यानं नवी घोषणा केली. स्पोर्ट टूरिंग आता मागं पडलं, यापुढं ॲडव्हेंचर. उंच गाडी, तारांची चाकं, चिखलात घालायची. (चिखलाची सोय गल्लीतच आहे, पाइपासाठी रस्ता उकरून ठेवलाय.) म्हणून जुनं सामान विकायला काढलं. सायलेन्सर तेवढा उरला नव्हता. पोलिसांच्या मोहिमेत तो जप्त झाला आणि इतरांच्या सायलेन्सरांबरोबर रोडरोलरखाली गेला. रोलर पाहायला मीही मुद्दाम गेलो होतो, कारण आमच्या भागात रोलर येण्याचा योग रस्त्यासाठी कधी आला नव्हता.

बाकीचं सामान भाच्यानं पोर्चात मांडलं. दूधवाला रिकामे कॅन घेऊन परत निघाला होता, तो थांबला. पॅनियरची फ्रेम हातात घेतली, उलटी केली, वेल्डिंगवर नख मारून बघितलं.

"किती वजन घेतंय ओ हे?"

"एका बाजूला आठ किलो," भाचा अभिमानानं म्हणाला. "एकदम लाइटवेट हाय, दादा."

"आठ? मग दूध कुठं ठेवायचं?"

फ्रेम त्यानं जाग्यावर ठेवली. जोड-दिवे हातात घेऊन परत ठेवले. काचेतून पलीकडं बघितलं, हसला. मग वाकून जिन्याखाली बघितलं आणि नारिंगी नळी धरून बाहेर ओढली. कोटिंगला एक ओरखडा नव्हता.

"हा स्टँड केवढ्याला देता?"