माजी पिणारा

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचं) 'माजी' हे पद मरेपर्यंत टिकतं. माजी सरपंच, माजी चेअरमन, माजी संचालक, सगळ्यांना लग्नपत्रिकेत जागा असते. पारनेर तालुक्यात आणखी एक माजी भेटतो, त्याचं नाव तेवढं पत्रिकेत येत नाही. तो माजी पिणारा.

चहाच्या टपरीवर तो लगेच ओळखू येतो. कटिंग एका दमात, डोळे मिटून रिचवतो, तोंड वाकडं करतो आणि मूठभर खारे शेंगदाणे तोंडात टाकतो. मग सुरू होतो. "आत्ताच्या पोरांना काय कळतंय? आमच्या टायमाला हातभट्टीला काडी लावली की निळा जाळ!" त्याच्या आठवणींत कायम पाऊस पडत असतो, भजी गरम असतात आणि बिल दुसराच कोणीतरी देतो. आमच्या दुष्काळी तालुक्यात एवढा पाऊस कधी पडला, हे हवामान खात्यालाही सांगता यायचं नाही.

1975 साली अण्णा हजारे लष्करातून राळेगणसिद्धीला परतले आणि त्यांनी गावातल्या भट्ट्या बंद करायला लावल्या. न ऐकणाऱ्याला खांबाला बांधून फटके मिळत. 'मीबी त्या खांबाला होतो' असं सांगणारे माजी आता इतके झालेत, की तेवढे खांब राळेगणात कधी नव्हतेच. मला ती शिक्षा पटत नाही. माजीला पटते, कारण फटके दुसऱ्यानं खाल्ले होते.

याची स्वतःची सुटली ती पुण्याच्या मुक्तांगणात. अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 साली सुरू केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. तिथून आल्यापासून थेंबाला शिवलेला नाही. पण गाळपाच्या दिवसांत ऊस घेऊन श्रीगोंद्याकडे गेला, की कारखान्याच्या मळीचा वास येतो आणि एरवी तोंड न मिटणारा हा गडी घरापर्यंत गप्प बसून येतो.

ओसरीवर टेकला, की आठवण निघतेच. "काय तो पाऊस, काय ती भजी!"

आतून वहिनींचा आवाज येतो, "अन् पोळ्याच्या तोंडावर बैल विकला व्हता, त्ये कोण सांगणार? भज्याचं बिल कुणी भरलं, बैलालाच इचारा."

माजी खाली बघून शेंगदाण्याची सालं गोळा करतो. दारूची आठवण आली तर ती शेवटपर्यंत आठवा, दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत, असं व्यसनमुक्तीचे समुपदेशक सांगतात. याच्या घरी ते खातं वहिनींकडे आहे, आणि त्यांच्या लक्षात तारीखवार सगळं आहे.

कधी त्याच्याकडे गेलात, तर गोष्ट निम्मी ऐकून उठू नका. चहा दुसऱ्यांदा घ्या. पुढची निम्मी वहिनी सांगतात.