बांधावरचा डबा

"काय वो ताई, तुमच्या भाच्याला गुप्तधनाचा नाद लागलाय म्हणं?"

दसऱ्याचा दुसरा दिवस. मी फाटकावरचं झेंडूचं तोरण उतरवत होते. काकू पलीकडून भिंतीला टेकल्या होत्या, हातात तांदळाचं सूप. काकू सूप घेऊन भिंतीपाशी आल्या, की अर्धा तास गेला म्हणून समजायचं.

"कोण म्हणालं?"

"कोण का म्हणंना! कयाधू नदीच्या काठानं मोबाइल धरून हिंडायला होता, एकेक दगड उचलून बघायला होता. दूधवाल्यानं डोळ्यानं पाह्यलं. त्याला सांगा बाई, लिंबू-कुंकू घेऊन खड्डे खांदणाऱ्याला पोलीस आत टाकतेत आता. २०१३ ला कायदाच झालाय."

"अहो, लिंबू नाही, कुंकू नाही. डबा लपवायला जागा शोधत होता तो."

"डबा? जेवणाचा?"

मग सांगणं आलंच. पुण्याहून सुट्टीला आलेला भाचा 'जिओकॅशिंग' नावाचा खेळ खेळतो. एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, बाकीच्यांनी मोबाइल घेऊन शोधायचा. सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथे ठेवायचा. आतली वस्तू घेतली, तर तेवढ्याच मोलाची आपली एक ठेवायची.

"म्हंजे सापडलं तरी घरी आणायचं नाही?"

"नाही."

"मंग शोधायचं कामून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून इतिहास सांगितला. आधी अमेरिका साध्या माणसाच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालायची. यंत्र दाखवायचं एक जागा, माणूस असायचा शंभर मीटर लांब. मे २०००च्या सुरुवातीला क्लिंटन सरकारने ती चूक काढली. लगेच ३ मेला ओरेगन राज्यातल्या डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने रानात एक काळी बादली ठेवली आणि ठिकाण जगाला कळवलं. तीन दिवसांत ती सापडली. तिथून हा नाद जगभर गेला.

"आन् मोबाइलला कसं कळतं, आपण कुठं उभे हावोत ते?"

"वीस हजार किलोमीटरवर उपग्रह फिरतात. त्यातल्या निदान चारांची साक्ष मिळाली की जागा ठरते."

"पंचनाम्यासारखं," आतून काका म्हणाले. काका निवृत्त तलाठी. पेपर वाचतात, पण कान भिंतीकडे असतात.

"आमच्या ह्यायला येतंय ते," काकू म्हणाल्या. "ई-पीक पाहणीला वावरातच उभं राहून फोटो काढावा लागतो. घरून काढला तर घेत नाही मेलं."

काकूंनी सूप भिंतीवर ठेवलं. आता खरी गोष्ट येणार, हे मी ओळखलं.

"रझाकाराच्या टायमाला आमचे आजेसासरे घरदार सोडून वऱ्हाडात गेले. जाताना तांब्याच्या घागरीत बायकायचे दागिने घातले, वावरात पुरले. खूण काय, तर बांधावरच्या चिंचंपासून तेरा पावलं. पोलीस ॲक्शन झाली, माणसं माघारी आली. येऊन बघतेत तर चिंच तोडलेली. आन् पावलं ज्याची, ते तिकडंच वारलेले. सासूबाई म्हणायच्या, तीन पावसाळे वावर उकरलं. दाणा उगवला, दागिना नाई."

"घागर सापडली असती तरी घरात ठेवता आली नसती," काका म्हणाले. "१८७८चा कायदा आहे. दहा रुपयांच्या वरचं गुप्तधन सापडलं, की कलेक्टरला कळवावं लागतं."

"तुमी तेवढंच सांगा!" काकू फणकारल्या. मग मला म्हणाल्या, "त्याच वावरात जमिनीखाली धान्य साठवायचं पेव बी हाय. ज्वारीचं. उघडलं की लगेच उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा. विझला तर माणसानं आत जायचं नाही, वायू असतोय. आता त्याचं तोंड कुठं, ते एकट्या ह्यायलाच ठावं. वर सगळी हळद लावली. उद्या एखादं लेकरू पाय घसरून आत गेलं म्हंजे?"

काका पेपर खाली ठेवून गप्प बसले.

संध्याकाळी भाचा काकांना घेऊन वावरात गेला. डबा त्याने काकांना विचारूनच बांधावरच्या दगडांच्या कपारीत सरकवला. या खेळात पुरायचं नसतं, नुसतं झाकायचं असतं. आत वही, पेन्सिल, दोन गोट्या, एक सेफ्टी पिन. खायचं काही नाही, नाहीतर माणसाआधी मुंग्यांना सापडतो. मग काकांनी हळदीतून वाट काढत पेवाचं तोंड दाखवलं. भाच्याने तिथे उभं राहून आकडे घेतले: १९ अंश उत्तर, ७७ अंश पूर्व आणि पुढचे दशांश.

रात्री काकूंनी ते आकडे दिनदर्शिकेच्या मागे उतरवले आणि दोन्ही लेकांना, दोन्ही सुनांना फोन करून लिहून घ्यायला लावले.

"चारच जणांना?" मी भिंतीवरून विचारलं.

"वरचे उपग्रह बी चारच लागतेत ना? मंग झालं तर. एकट्याजवळ ठेवली ती खूण नसती बाई."

तुमच्या वावरात जुनं पेव, बुजलेली विहीर असेल आणि ठिकाण एकाच म्हाताऱ्या माणसाला माहीत असेल, तर या दिवाळीला त्यांना बांधावर घेऊन जा. मोबाइल खिशात असतोच.