दाबून बघणारे दादा

फणस पिकलाय का ते आमच्या महाडात टिचकी मारून बघतात. गाडी पिकलीय का ते दादा दाबून बघतात. कुणाचीही असो. लग्नाच्या मांडवाबाहेर, दवाखान्याच्या दारात, एकदा तर दहाव्याला गांधारीच्या काठावर. गाडी उभी दिसली की बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकायचे, अंगाचा सगळा भार टाकायचा, झटकन हात काढायचे आणि मान तिरपी करून मोजायचं, "एक… दोन… अडीच. शॉकअप गेले तुमचे." दहाव्याच्या दिवशी यजमान आधीच रडवेला होता, म्हणून निभावलं.

दादांची स्वतःची गाडी म्हणजे उंच, चौकोनी, जुनी हॅचबॅक. आळी तिला डबा म्हणते. बिरवाडीच्या एमआयडीसीतली ड्युटी, वहिनींचं माहेर आणि हंगामात तांदळाची पोती, एवढाच तिचा संसार. पण डबा वळणावर कलतो, हे दादांना खपत नाही. 'बॉडी रोल' हा शब्द ते घरात कुणाला शुगर निघावी तशा आवाजात उच्चारतात. कशेडीला बोगदा झाला तेव्हा अख्खं कोकण सुटलं, दादा तेवढे हळहळले. "दोन किलोमीटर सरळ! त्यात गाडीनं करायचं काय?" उरला आंबेनळी. पोलादपूर ते महाबळेश्वर चाळीसेक किलोमीटर, आणि घाट लागला की नुसती वळणं.

तर दादांनी पुण्याहून कडक, आखूड स्प्रिंगा आणल्या. डबा दीड इंच खाली बसला. टायर आणि मडगार्डच्या मध्ये पूर्वी मूठ जायची, आता दोन बोटं जातात. ती घालून दाखवायला दादा भर पावसात चिखलात उकिडवे बसत. पोलादपूर सोडल्यावर पहिल्याच गतिरोधकावर डब्याचं पोट असं खरवडलं की वहिनींनी पाय वर घेतले. मग स्प्रिंगांच्या वेढ्यांत रबरी बफर बसवून गाडी उचलली. म्हणजे बसवायचे पैसे वेगळे, उठवायचे वेगळे.

मिस्त्री बिचारा समजावत होता. स्प्रिंग वजन पेलते, तिचा नाच थांबवतो तो शॉकअप. कडक स्प्रिंगेला जुने शॉकअप पुरायचे नाहीत, आणि रबर कोंबलं की तेवढे वेढे मेले, स्प्रिंग आणखी ताठ. "दादा, लोअर आर्मचे बुश संपलेत. तेवढे बदला, अलाइनमेंट करा. आणि हवा किती भरलीय? चाळीस? उतरवा आधी." दादांनी गॅसचे शॉकअप घेतले. बुश राहिले. बुश बदलून दाखवणार कुणाला? तिथं बोटं जात नाहीत.

मागच्या सीटवर आईंचा जप चालायचा. नव्या शॉकअपवर पहिल्याच दिवशी रामाचा 'रा-रा-राम' झाला. "देवाला हाक मारत्येय की बकऱ्यांना, मलाच कळेना," म्हणाल्या आणि तेव्हापासून एसटीनं जाऊ लागल्या.

दिवाळीनंतर आम्ही महाबळेश्वरला निघालो. दादा, वहिनी आणि मी डब्यातून, आई लाल गाडीनं. वळणं दादांनी खरंच झकास मारली, खोटं कशाला बोला, डबा रेसभरही कलला नाही. पण दोन वळणांच्या मध्ये रस्ता असतो. तो उखडलेला दिसला की दादा पहिल्या गिअरवर, खिडकीतून डोकं बाहेर, पोट वाचवत मुंगीच्या पावलानं. मागून एसटी आली, सगळ्या काचा वाजवत, पाट्यांवर डुलत, आणि हॉर्न देऊन पुढे गेली. खिडकीतून आईंनी हात केला.

वाडा कुंभरोशीला पोचलो तेव्हा टपरीवर आईंचा चहा संपत आला होता. दादा त्यांच्याशी एक शब्द बोलले नाहीत. सरळ एसटीच्या पुढच्या कोपऱ्याशी गेले, बंपरवर तळवे टेकले आणि सगळा भार टाकला. एसटी हलली नाही. पुन्हा टाकला.

ड्रायव्हर बशीतला चहा फुंकता फुंकता थांबला. "काय वो, ढकलायची हाय काय? चालू हाय गाडी."